व्हेनिस : खाऱ्या पाण्यात गोड्या विहिरी

माझी सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात पाणीपुरवठ्याच्या कामात गेली. किनाऱ्यावरच्या गावाला पाणी देणं म्हणजे काय, हे तिथे काम केलेल्यालाच कळतं. समोर नजर पोचेल तिथवर समुद्र, आणि मे महिन्यात प्यायला टँकर. उपसा जरा जास्त झाला की विहीर मचूळ होते, आणि एकदा मचूळ झालेली विहीर सुधारायला कितीतरी पावसाळे जावे लागतात. त्यामुळे म्युनिकला नोकरी करणारी लेक दिवाळीनंतर म्हणाली, ‘आई, व्हेनिसला जाऊया,’ तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की ही माणसं पीत काय होती? चहूबाजूंनी खाडी, डोंगर नाही, झरा नाही, खणलं तर खाली चिखल आणि त्यातही खार. आणि अशा जागी सोळाव्या शतकात दीड लाखाच्या आसपास वस्ती होती.

हा प्रश्न डोक्यात ठेवूनच मी व्हेनिस पाहिलं. बघायची ठरलेली ठिकाणं झालीच. पण ज्या गोष्टींपुढे मी थांबून राहिले, त्या बऱ्याचशा कुठल्याच तिकिटात येत नाहीत.

म्युनिकहून ब्रेनरचा घाट उतरून थेट व्हेनिसला जाणारी गाडी आहे, ती आम्ही घेतली. मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचं शेवटचं मोठं स्टेशन. तिथून पुढे साडेतीन किलोमीटरहून लांब पूल लागतो. रेल्वेचा पूल १८४६ चा, शेजारचा मोटारींचा १९३३ चा. म्हणजे त्याआधी हजार वर्षं या शहरात होडीशिवाय कोणी आलेलं नाही. खिडकीतून खाडीत जागोजागी तीन-तीन लाकडी खांब एकत्र बांधून रोवलेले दिसतात. खाडी इतकी उथळ आहे की बऱ्याच ठिकाणी पाणी कमरेच्या वर जात नाही, आणि मोठ्या होड्या फक्त या खांबांनी आखलेल्या वाटेनंच जातात. जुन्या काळी शत्रूचं आरमार चालून येणार असं दिसलं की हे खांब काढून टाकायचे. मग वाट कुठे आणि गाळ कुठे, हे परक्याला कळणार कसं?

स्टेशनाच्या पायऱ्या उतरलं की समोर थेट ग्रँड कॅनल, शहराचा मुख्य कालवा. मोटार नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. सार्वजनिक बोटीला वापोरेत्तो म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा एका फेरीचं तिकीट ९.५० युरो होतं आणि ते ७५ मिनिटं चालत होतं. २४ तासांचा पास २५ युरोला होता. राहायचं असेल तर पासच घ्यावा. धक्क्यावर शिरताना दर वेळी तो यंत्राला लावावा लागतो, खिशात नुसता असून चालत नाही. लेकीनं एक नंबरच्या बोटीचा आग्रह धरला. ही बोट प्रत्येक धक्क्यावर थांबते, ग्रँड कॅनलचं उलट्या एससारखं वळण सावकाश पार करते आणि पाऊण तासानं सान मार्कोच्या मुख्य चौकापाशी पोचवते. घाई असणारे दुसऱ्या नंबरच्या बोटीनं जातात. माझं स्पष्ट मत आहे की व्हेनिसमध्ये पहिलं काम हेच करावं, सामान ठेवायलाही आधी जाऊ नये.

त्याचं कारण असं की इथल्या जुन्या वाड्यांचं तोंड पाण्याकडे आहे. गल्लीतून चालताना जे दिसतं ती बहुतेक वेळा मागची बाजू असते. दर्शनी भाग, कमानी, नक्षीचे सज्जे आणि मोठा दरवाजा हे सगळं कालव्यावर. दरवाजातून माल थेट होडीतून तळमजल्याच्या वखारीत जायचा, आणि घरमालक वरच्या मजल्यावर राहायचा. का’ दोरोसारखा पंधराव्या शतकातला वाडा पाण्यातून पाहिल्यावर त्याच्या एका बाजूच्या जाळीदार कमानींचा अर्थ लागतो.

मी मात्र वर बघण्याआधी खाली बघत होते. प्रत्येक भिंतीचा पाण्यालगतचा भाग पांढऱ्या दगडाचा आहे. हा इस्त्रियाचा दगड, आद्रियाटिकच्या पलीकडच्या किनाऱ्यावरून आणलेला. तो पाणी शोषत नाही. त्याच्यावर विटांचं बांधकाम, आणि त्याच्या खाली चिखलात ठोकलेले लाकडी खुंटे. आमच्या भाषेत पाइल. मऊ गाळातून खालच्या घट्ट मातीच्या थरापर्यंत ते दाटीवाटीनं ठोकायचे, वर फळ्यांची बैठक, त्यावर दगड. चिखलात प्राणवायू पोचत नाही म्हणून लाकूड कुजत नाही. सांता मारिया देल्ला सलूते या घुमटाच्या चर्चखाली दहा लाखांहून जास्त खुंटे आहेत असं सांगतात. १६३०-३१ च्या प्लेगमधून शहर वाचलं म्हणून केलेल्या नवसाचं ते चर्च. अजूनही दर २१ नोव्हेंबरला लोक तरत्या पुलावरून कालवा ओलांडून तिथे दर्शनाला जातात.

दगड पाणी अडवतो तोवर ठीक. पण समुद्राची पातळी चढत गेली आणि जमीन खचत गेली, तसं भरतीचं पाणी आता त्या दगडाच्या वर, विटेपर्यंत पोचतं. वीट पाणी ओढते, पाणी वाळतं, मीठ आत राहतं आणि गिलावा फुगून गळून पडतो. धक्क्याधक्क्यावर मी हे पाहत होते. फोटोत जे रंग उडालेले पोपडे फार सुंदर दिसतात, ते भिंतीचं दुखणं आहे.

आमची खोली कानारेज्जो भागात होती. शहराचे सहा भाग आहेत आणि घरांना नंबर रस्त्याप्रमाणे नसून अख्ख्या भागाला सलग दिलेले आहेत, त्यामुळे चार आकडी घर नंबर हातात घेऊन फिरावं लागतं. त्याऐवजी जवळचं चर्च आणि पूल विचारून घ्यावा. आणखी एक व्यवहाराची गोष्ट, विशेषतः गुडघे धरलेल्यांसाठी : शहरात चारशेहून जास्त पूल आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला पायऱ्या आहेत. नकाशावर पाच मिनिटांची वाट बॅगा घेऊन वीस मिनिटांची होते. बोटीच्या धक्क्यापासून मध्ये पूल न लागणारी खोली शोधून घ्यावी, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. सकाळी माल वाहणारे गडी दिसतात, त्यांच्या ढकलगाडीला पुढे दोन छोटी जास्तीची चाकं असतात. ती पायरीवर टेकवायची, गाडी तोलायची, मग मोठी चाकं वर घ्यायची. दूध, औषधं, धुलाईचे कपडे, कचरा, सगळं बोट आणि मग ही गाडी. अँब्युलन्सही बोटच आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी एकटीच खाली उतरले. जवळच एक चौक होता. इथे चौकाला कॅम्पो म्हणतात. मधोमध दगडी कठडा आणि त्यावर लोखंडी झाकण. थोड्या वेळानं हे आणि लेकही आले.

‘आई, ही विहीर? हिच्यात तर खारंच पाणी लागणार ना?’ लेकीनं विचारलं.

‘ही विहीर नाहीच,’ मी म्हटलं. ‘ही टाकी आहे. आणि फक्त हा कठडा म्हणजे टाकी नव्हे, तू उभी आहेस तो सगळा चौक म्हणजे टाकी.’

निघण्याआधी मी वाचलं होतं, पण डोळ्यांनी पाहिल्यावर अंगावर काटा आला. रचना अशी : चौक तीन ते पाच मीटर खणायचा. खड्ड्याला तळातून आणि कडेनं चिकणमातीचा जाड थर द्यायचा, म्हणजे बाहेरची खार आत येत नाही. मध्ये विटांची उभी नळी बांधायची आणि भोवतीचा सगळा खड्डा वाळूनं भरायचा. वर फरसबंदी करायची, तिला चारही बाजूंनी हलका उतार द्यायचा आणि उताराच्या तळाशी भोकं पाडलेले चार दगड बसवायचे. छपरांचं पाणी पन्हळीतून आणि चौकाचं पाणी उतारानं या भोकांत जातं, वाळूतून गाळत गाळत मधल्या नळीत उतरतं, आणि तिथून बादलीनं वर. आपण जलशुद्धीकरण केंद्रात वाळूचे गाळणथर बांधतो, तेच हे काम, आणि त्यावर मुलं खेळतायत, बाजार भरतोय, लग्नाची वरात जातेय.

मी त्या चार दगडांपैकी एकापाशी उकिडवी बसले. दगड पांढरा, चौकोनी, भोकं गोल. त्यांच्या कडा पायांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. फरसबंदीचा उतार इतका हलका होता की डोळ्यांना कळत नव्हता. यांच्या बाटलीतलं पाणी थोडं ओतलं तर ते सरळ त्या दगडाकडे निघालं. कठड्याच्या आतल्या काठावर दोरीनं पडलेल्या खाचा होत्या, बोट आत बसेल एवढ्या खोल. आमच्या माहेरच्या विहिरीच्या काठावर अगदी अशाच आहेत. हा कठडा कुठल्याही संग्रहालयात नाही, त्याला कोणी पहारेकरी नाही. एक बाई आपल्या कुत्र्याचा पट्टा त्याला अडकवून पाववाल्याकडे गेली होती.

या टाक्या कुलूपबंद असत. सकाळ-संध्याकाळ घंटा झाली की उघडत, वस्तीतले लोक पाणी भरत आणि पुन्हा कुलूप. ज्यांना शक्य नाही त्यांना खांद्यावर कावड घेऊन घरोघर पाणी घालणाऱ्या बायका होत्या. पाऊस कमी झाला की मुख्य भूमीवरच्या ब्रेंता नदीचं पाणी होड्यांत भरून आणायचे आणि टाक्यांत ओतायचे. म्हणजे टँकरच. हे कळल्यावर मला त्या लोकांविषयी एकदम आपलेपणा वाटला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शहरात अशा खासगी आणि सार्वजनिक मिळून सहा हजारांहून जास्त टाक्या होत्या. सर्वांत मोठी भीती अर्थातच भरतीची. उधाणाचं पाणी चौकात शिरलं की टाकी नासली. म्हणून बऱ्याच कठड्यांना खाली पायऱ्या आहेत, आणि काही ठिकाणी अख्खा चौक शेजारच्या गल्लीहून उंच केलेला आहे. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आलं आणि टाक्यांचं काम संपलं. कठडे मात्र सहाशेच्या आसपास उरले आहेत. आता चौकाचौकांत वाहते नळ आहेत, त्यांचं पाणी पिण्याचं आहे, बाटल्या विकत घ्यायची काही गरज नाही.

सान मार्कोच्या चौकात आम्ही गेलो ते सकाळी लवकर. दहानंतर तिथे उभं राहायला जागा नसते. दिवसाच्या सहली संध्याकाळी परतल्या की पुन्हा मोकळं होतं, म्हणून राहायला जावं. सकाळी येऊन संध्याकाळी परत फिरणाऱ्याला हे शहर भेटतच नाही. तशा येणाऱ्यांवर २०२४ पासून वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवसांत प्रवेशशुल्क आहे. मुक्काम करणाऱ्यांना ते नाही, पण नोंदणी करून सवलतीचा कोड काढून ठेवावा लागतो. आम्ही नोव्हेंबरात गेल्यानं तो प्रश्न आला नाही.

बॅसिलिकेचे, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचे, सोनेरी मोझाइक, वरच्या गच्चीवरचे चार घोडे, घंटाघर यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. एवढंच सांगते की खरे घोडे आतल्या संग्रहालयात आहेत, बाहेर प्रतिकृती आहेत. ते घोडे १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या लुटीतून आले, १७९७ मध्ये नेपोलियननं पॅरिसला नेले आणि १८१५ मध्ये परत आले. घंटाघर १९०२ मध्ये कोसळलं आणि १९१२ मध्ये जसं होतं तसंच पुन्हा उभं केलं. डोज म्हणजे या प्रजासत्ताकाचा निवडून दिलेला प्रमुख. त्याच्या राजवाड्यात तिंतोरेत्तोच्या प्रचंड चित्राखाली सगळे माना वर करून उभे होते. मी अंगणातच रेंगाळले. तिथे सोळाव्या शतकातले काशाचे दोन कठडे आहेत, अंगभर कोरीव काम केलेले. राज्याच्या प्रमुखाच्या अंगणात मानाची जागा पाण्याच्या टाकीला दिली आहे, याचं मला फार समाधान वाटलं.

राजवाड्याच्याच तिकिटावर समोरचं कोरर संग्रहालय आणि मार्चाना ग्रंथालयाची जुनी दालनं बघता येतात. पुष्कळ लोक दमून तिथे जातच नाहीत. जावंच. कोररमध्ये याकोपो दे बार्बारीनं १५०० साली केलेला शहराचा नकाशा आहे, पक्ष्याच्या नजरेनं पाहिलेला, लाकडी ठशांवरून छापलेला. लेकीनं मोबाइलवरचा आजचा नकाशा शेजारी धरला. कालव्याचं वळण, बेटांचे आकार, चौक, सगळं जुळत होतं. पाचशे वर्षांत एवढं कमी बदललेलं शहर मी दुसरं पाहिलेलं नाही.

याच संग्रहातल्या एका काळ्या दगडावर सोळाव्या शतकातला लॅटिन लेख आहे. लेकीनं त्याचं भाषांतर शोधून वाचून दाखवलं. आशय असा : हे शहर ईश्वरी कृपेनं पाण्यात वसलं आहे, पाण्यानंच वेढलं आहे, पाणी हाच त्याचा तट आहे, म्हणून सार्वजनिक पाण्याला जो कोणी कोणत्याही प्रकारे धोका पोचवील तो देशाचा शत्रू समजला जाईल, आणि शहराचा पवित्र तट फोडणाऱ्याहून त्याला कमी शिक्षा होणार नाही. मी तो तिला दोनदा वाचायला लावला. नाल्यात भराव टाकून बांधकाम करणाऱ्यांना नोटिसा काढण्यात माझी किती वर्षं गेली आणि त्या नोटिसांचं पुढे काय व्हायचं, हे मला माहीत आहे. इथे १५०१ मध्ये फक्त पाण्यासाठी एक स्वतंत्र अधिकारी मंडळ नेमलं गेलं. होड्यांच्या वाटा, खाडीतला गाळ, नद्यांची मुखं, मासेमारीचे कुंपणबांध, कोणी किनारा किती पुढे ढकलला, सगळं त्याच्या ताब्यात.

मार्चानामध्ये बोलण्याची पाळी यांची होती. हे हायस्कुलात इतिहास शिकवत. ‘मनुचीची हस्तलिखितं इथे आहेत,’ हे हळू आवाजात म्हणाले. निकोलाव मनुची व्हेनिसचा पोरगा. १६५६ मध्ये भारतात आला, दारा शुकोहच्या तोफखान्यात राहिला, आणि १६६५ मध्ये पुरंदरच्या वेढ्याच्या सुमारास मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत होता. तिथे त्याची शिवाजी महाराजांशी भेट झाली. युरोपातल्या राजांविषयी महाराजांनी आपल्याशी बोलणं केलं, असं त्यानं आपल्या वृत्तांतात लिहून ठेवलं आहे. पुढे संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयनं वकील म्हणून याच माणसाला त्यांच्याकडे पाठवलं. उतारवयात मद्रासेकडे असताना त्यानं आपलं लिखाण व्हेनिसच्या सिनेटकडे धाडलं, ते आज याच ग्रंथालयात आहे. ती पानं प्रदर्शनात नसतात, आम्हालाही दिसली नाहीत. पण हे बराच वेळ तिथल्या रंगवलेल्या छताखाली बसून होते, आणि मी त्यांना उठवलं नाही.

मुक्कामात एका सकाळी भरती मोठी येणार असा अंदाज होता. इथे भरती १८९७ साली ठरवलेल्या शून्यापासून मोजतात, आणि आता समुद्राची सरासरी पातळीच त्या शून्याच्या पाव मीटरहून जास्त वर आहे. सान मार्कोचा चौक शहरातल्या सर्वांत सखल भागांपैकी. ८०-९० सेंटिमीटरलाच तिथे पाणी दिसू लागतं. मला वाटलं होतं पाणी धक्क्यावरून आत येईल. ते तसं आलं नाही. चौकाच्या फरसबंदीतल्या गटारांच्या झाकणांतून ते वर आलं, आधी बुडबुडे, मग झाकणाभोवती गोल ओल, मग ती गोलं एकमेकांना मिळत गेली. पाऊस वाहून नेणारी तीच भोकं भरतीला उलटी वाहत होती. लाकडी फळ्यांचे पाट आधीच मांडून ठेवले होते, लोक त्यावरून शिस्तीत एकामागे एक जात होते. बॅसिलिकेभोवती आता काचेची भिंत केली आहे, तिच्या आत दगड कोरडे होते.

‘मग ते मोठे दरवाजे बांधलेत ना? ते का नाही लावले?’ यांनी विचारलं. तेच मी समजून घेतलं होतं. खाडीला समुद्राकडे तीन तोंडं आहेत : लीदो, मालामोक्को आणि किओज्जा. तिथे तळाशी मिळून ७८ पोलादी झडपा आडव्या निजवलेल्या आहेत. आत पाणी भरलेलं असतं. हवा भरली की पाणी बाहेर पडतं आणि झडप बिजागरीवर वर उठते. या योजनेला मोझे म्हणतात. काम २००३ मध्ये सुरू झालं, पाच अब्ज युरोहून जास्त खर्च झाला, मध्ये २०१४ मध्ये लाचखोरीच्या आरोपांवरून अटकाही झाल्या, आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजी भरतीच्या वेळी पहिल्यांदा झडपा उठल्या. त्याच्या आदल्या वर्षी, १२ नोव्हेंबर २०१९ ला, पाणी १८७ सेंटिमीटरवर गेलं होतं. १९६६ च्या ४ नोव्हेंबरला १९४. साधारणपणे ११० चा अंदाज असेल तरच झडपा उठवतात, त्याखालची भरती शहर सोसतं. दर वेळी बंद केलं तर बंदराचा व्यवहार थांबतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खाडी धुऊन निघायची थांबते. समुद्र जसजसा चढेल तसतशा झडपा वर्षातून जास्त वेळा उठवाव्या लागतील, आणि मग बाहेरचं पाणी अडवायचं की आतलं पाणी ताजं ठेवायचं हा पेच येणारच. दीड-दोन तासांत ओहोटी लागली आणि ज्या झाकणांतून पाणी आलं त्यांतूनच परत गेलं.

रियाल्तोच्या पुलाजवळचा बाजार सकाळीच बघावा. आम्ही मासे खाणारी माणसं, त्यामुळे इथे आम्हा तिघांनाही घाई नव्हती. तारल्या, माकूळ, शेवंडं, आणि नोव्हेंबर असल्यानं कात टाकलेले मऊ खेकडे, जे इथली खासियत आहे. भिंतीवर एक जुनी संगमरवरी पाटी आहे. तीत कुठला मासा किमान किती लांबीचा असेल तरच विकायचा ते कोरलेलं आहे, वाम २५ सेंटिमीटर, कालवं ५. खाण्यात तारल्यांचं सारदे इन सावोर जरूर घ्यावं : तळलेल्या तारल्या, भरपूर कांदा, व्हिनेगर, बेदाणे, मुरवलेलं. मलबारची मिरी याच पुलाच्या आसपास विकून हे शहर श्रीमंत झालं, आणि १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचल्यावर त्या धंद्याला पहिला धक्का बसला. मार्को पोलोचं घर होतं ती जागाही इथून जवळच आहे. त्याच्या वृत्तांतात ठाण्याच्या राज्याचं वर्णन येतं, तिथल्या चाच्यांसकट.

गोंडोल्याला अर्ध्या तासाचे ९० युरो हा सरकारी दर आहे. आम्ही घेतला नाही. ग्रँड कॅनल ओलांडून देणारी त्राघेत्तो नावाची होडी असते, दोन युरोत दोन नावाडी पलीकडे सोडतात, तिच्यात बसलो. गोंडोला मात्र नीट बघायला सान त्रोवाझोच्या होड्या बांधायच्या जागेसमोरच्या काठावर जावं. होडी सरळ नसते. डावी बाजू उजवीपेक्षा पाव मीटरभर रुंद असते, कारण एकच नावाडी मागे उभा राहून उजव्या अंगानं वल्हवतो. ती जाणूनबुजून वाकडी बांधतात म्हणून सरळ जाते.

मुरानो बेटावर काच करतात ते बघितलं, पण धक्क्यावर उतरणाऱ्यांना जिथे हाताला धरून नेतात तिथे वेळ घालवू नये असं माझं मत. त्यापेक्षा बुरानो बेटावरून छोट्या बोटीनं तोर्चेल्लोला जावं. व्हेनिसच्या आधीचं गाव ते. सातव्या शतकात स्थापन झालेलं कॅथीड्रल आहे, आत अंतिम न्यायाचं भिंतभर मोझाइक आहे. कधीकाळी हजारोंची वस्ती होती, आज मूठभर माणसं राहतात. गावाला मारलं ते गाळानं. नद्यांनी आणलेला गाळ साचून खाडी भरत गेली, खाजण झालं, मलेरिया आला, होड्या लागेनात, लोक विटा-दगड काढून घेऊन निघून गेले. मी कॅथीड्रलमागे उभी राहून ते खाजण पाहिलं. लव्हाळी, तुटक पाणी, मध्येच बगळा. आपलंही असंच होईल हे व्हेनिसच्या पाणी-अधिकाऱ्यांना समोर दिसत होतं. म्हणून त्यांनी शतकानुशतकं खपून ब्रेंता, पियावे, सिले या नद्यांची मुखं वळवून खाडीबाहेर समुद्रात नेली. हातांनी, फावड्यांनी. सोळाव्या शतकात याचा आराखडा मांडणारा क्रिस्तोफोरो साब्बादिनो हा त्यांचा जलअभियंता. त्याचा पुतळा कुठे असेल तर मी मुद्दाम गेले असते.

परतायच्या आदल्या दिवशी कास्तेल्लो भागात हिंडताना एक कालवा कोरडा दिसला. दोन्ही तोंडांना पत्र्याचे बांध घालून, पंप लावून पाणी काढलेलं, आणि तळात माणसं काम करत होती. पर्यटक वास येतो म्हणून घाईनं पूल ओलांडत होते. मी कठड्याला टेकून उभी राहिले. पाण्याखाली एरवी जे असतं ते सगळं उघडं पडलं होतं. घरांचा पांढरा दगड, त्याखाली शेवाळ आणि शिंपल्यांचा थर, आणि भिंतीत ठरावीक अंतरावर विटांच्या छोट्या कमानी. ही सांडपाण्याची तोंडं. शहरात आजही एकसंध गटारयोजना नाही. गल्लीखालच्या विटांच्या नाल्यांतून सांडपाणी कालव्यात येतं, हॉटेलांसारख्या मोठ्या वास्तूंना सेप्टिक टाक्या आहेत, आणि बाकीचं काम दिवसातून दोन वेळा येणारी भरती-ओहोटी करते. म्हणून गाळ काढणं हे इथे सौंदर्याचं काम नव्हे. गाळ चढला की ही तोंडं बुजतात आणि मग घरात वास येतो, भिंत कुजते. एक गडी एका तोंडातला गाळ हातानं काढत होता, दुसरा विटांच्या सांध्यांत नवा चुना भरत होता. काठानं नव्या केबली आणि पाण्याचे पाइप टाकायचं कामही त्याच वेळी उरकत होते, म्हणजे पुन्हा खणायला नको.

मुकादम वर आला तेव्हा लेकीनं त्याच्याशी इंग्रजीत बोलून मी कोण ते सांगितलं. त्यानं हातमोजा काढून हात मिळवला आणि मला बांधाच्या कडेशी नेऊन पंप दाखवला. भिंतीच्या बाहेरचं पाणी वर आणि आतला कालवा कोरडा, तेव्हा पायाला दाब एका अंगानं बसतो, म्हणून समोरासमोरच्या भिंतींना आडवे धीरे लावले होते; ते मी बोटानं दाखवल्यावर तो हसला आणि त्यानं मान हलवली. किती दिवस लागतील असं मी विचारलं. काम या महिन्यात संपेल, बांध काढतील, पाणी सोडतील, आणि हेच पंप पुलापलीकडच्या कालव्यावर लावतील, असं तो म्हणाला.